‘ज्याअर्थी’ आणि ‘त्याअर्थी’: विज्ञानाच्या सप्ताहाला संसद मान्यता देते, म्हणजे नेमकं काय करते?

१४ एप्रिल १९८६, सोमवार. अमेरिकेत ‘राष्ट्रीय गणित जागृती सप्ताह’ सुरू झाला. गंमत अशी की तो सप्ताह जाहीर करणाऱ्या घोषणापत्रावर राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांची सही पडली १७ एप्रिलला, गुरुवारी. सात दिवसांतले तीन तोवर संपलेही होते. लग्न लागल्यावर पत्रिका हातात यावी, तसा प्रकार.

त्या घोषणापत्रात इजिप्त आणि मेसोपोटेमियापासूनची गणिताची थोरवी आहे, आणि शेवटाकडे एक खरीखुरी काळजीही आहे: देशाला गणिताची गरज वाढत चालली असताना गणित शिकायला येणाऱ्यांची संख्या मात्र प्रत्येक पातळीवर घटते आहे. मग यावर सरकारनं काय केलं? गणिताचे शिक्षक वाढवले? शाळांना पैसे दिले? तसं काहीच त्या कागदात नाही. लोकांनी या सप्ताहात सुयोग्य कार्यक्रम करावेत, एवढंच आवाहन आहे.

आता नीट बघा. हा सप्ताह म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या मनात आलेली लहर नव्हती. अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे तिथल्या काँग्रेसनं (आपल्याकडच्या पक्षाशी गल्लत नको), दोन्ही सभागृहांत ठराव मंजूर करून तो ठरवला होता. कायदा होण्यासाठी जो रस्ता लागतो, तोच सगळा रस्ता चालून तो कागद रेगन यांच्या टेबलावर आला होता. एवढा खटाटोप, आणि हातात पडलं काय तर एक आवाहन. हे असं का होतं, आणि तरीही विज्ञानसंस्था अशा कागदासाठी वर्षानुवर्षं का झटतात, हे समजून घेण्यासारखं आहे.

कागदाचं वजन

अमेरिकी संसदेत ठरावांचे तीन प्रकार असतात. नावं सारखी वाटतात, पण वजनात जमीन-अस्मानाचा फरक.

सगळ्यांत जड तो संयुक्त ठराव. तो प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांतून जातो, त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही होते आणि तो कायदा बनतो. त्याला कायद्यासारखा क्रमांकही मिळतो. गणित सप्ताहाचा ठराव या जातीचा. दुसरा प्रकार असा की दोन्ही सभागृहं मंजूर करतात, पण राष्ट्राध्यक्षांकडे कागद जातच नाही. तो कायदा नव्हे, ते दोन्ही सभागृहांचं सामाईक मत. तिसरा साधा ठराव, एकाच सभागृहाचा. ‘आम्हाला असं वाटतं,’ एवढंच तो म्हणतो.

पण खरी मेख प्रकारात नाही, क्रियापदात आहे. आपल्याकडचा कुठलाही सरकारी ठराव किंवा अधिसूचना वाचलेल्या माणसाला ‘ज्याअर्थी’ आणि ‘त्याअर्थी’ हे दोन खांब माहीत असतात. अमेरिकी ठरावाची बांधणीही तशीच. आधी ओळीनं सगळे ‘ज्याअर्थी’: ज्याअर्थी रसायनशास्त्रामुळे औषधं मिळाली, ज्याअर्थी मुलांना विज्ञानाची गोडी लागणं गरजेचं आहे, वगैरे. मग एकदाचं ‘त्याअर्थी’ येतं, आणि खरा माल तिथं असतो. तिथलं क्रियापद तेवढं बघायचं. ‘मान्य करते’, ‘प्रोत्साहन देते’, ‘विनंती करते’, ‘आवाहन करते’ असं असेल तर कुणावर काही बंधन नाही. ‘अमुक खातं तमुक करील’ किंवा ‘इतकी रक्कम मंजूर केली जात आहे’ असं असेल तर तो कागद कामाचा. जागृती सप्ताहांच्या ठरावांत हा दुसरा प्रकार जवळजवळ कधीच सापडत नाही. म्हणून संयुक्त ठराव कायदा असूनही त्याला दात नसतात. तो मोडता येत नाही, कारण मोडण्यासारखं त्यात काही नसतंच.

आठवड्यांचा पूर

१९८०च्या दशकात अशा ठरावांचा अक्षरशः पूर आला. १९८५-८६ या दोन वर्षांच्या संसदेत झालेल्या दर तीन कायद्यांमागे किमान एक कायदा कुठला तरी दिवस, आठवडा नाहीतर महिना जाहीर करणारा होता. गणिताचा सप्ताह याच गर्दीतला.

असं का, तर लोकप्रतिनिधीला हा फुकटचा आनंद. तिजोरीतून छदाम जात नाही, मतदारसंघातली एखादी संस्था खूश होते, विरोध करून वाईटपणा घ्यायला कुणी पुढे येत नाही. हा लोंढा आवरावा म्हणून प्रतिनिधिगृहाच्या समितीनं एक अट घातली होती: सभागृहातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ४३५पैकी २१८ सदस्यांनी सहप्रस्तावक म्हणून सही केली, तरच ठराव पुढे सरकेल. चाळणी लागेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. सह्या गोळा करणं हाच एक उद्योग होऊन बसला. ‘तुम्ही आमच्या आठवड्यावर सही करा, आम्ही तुमच्या महिन्यावर करतो’ हा व्यवहार सहाय्यकांच्या पातळीवर सुरू झाला.

शेवटी जानेवारी १९९५मध्ये नव्यानं बहुमतात आलेल्या पक्षानं प्रतिनिधिगृहाच्या नियमांत एक कलम घातलं: ठरावीक कालावधी कशाच्या तरी स्मरणार्थ किंवा गौरवार्थ जाहीर करणारं विधेयक वा ठराव यापुढे मांडताही येणार नाही आणि विचारातही घेता येणार नाही. दार बंद.

दार बंद झालं, पण खिडकी होती. नियम म्हणतो आठवडा ‘जाहीर’ करायचा नाही. ठीक. मग आठवडा दुसऱ्या कुणी जाहीर केलेला असला, तर आपण त्याच्या ‘उद्दिष्टांना आणि आदर्शांना पाठिंबा’ देऊ शकतोच की! तेव्हापासून प्रतिनिधिगृहातल्या अशा ठरावांची भाषा हीच झाली. सिनेटवर हा नियम लागू नाही, त्यामुळे सिनेट आजही सरळ ‘अमुक आठवडा’ म्हणून मोकळी होते.

याचं सुरेख उदाहरण २००३चं. डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेचा शोधनिबंध २५ एप्रिल १९५३ला छापून आला, त्याला पन्नास वर्षं होत होती. मानवी जनुकसंच वाचण्याचा प्रकल्पही त्याच एप्रिलमध्ये पुरा झाला. सिनेटनं ठराव करून २५ एप्रिल हा ‘डीएनए दिन’ ठरवला. प्रतिनिधिगृहानं आपल्या ठरावात त्याच दिवसाच्या ‘उद्दिष्टांना आणि आदर्शांना’ पाठिंबा दिला. दिवस एक, भाषा दोन. ठराव फक्त त्या एका वर्षापुरता होता. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय जनुकसंच संशोधन संस्थेनं तो दिवस सोडला नाही. दरवर्षी शाळांसाठी व्याख्यानं, प्रयोग असं करत तिनं तो चालू ठेवला. आज डीएनए दिन माहीत असणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यामागचा ठराव माहीत असेल.

पाय चालतो, डार्विन चालत नाही

ठरावांना बंधन नसतं म्हणून ते निरर्थक असतात, असं मात्र समजू नका. कुठला ठराव मंजूर होतो आणि कुठला अडकतो, यातून त्या समाजाची नाडी कळते.

१२ मार्च २००९ला प्रतिनिधिगृहानं १४ मार्चच्या ‘पाय दिना’ला पाठिंबा देणारा ठराव ३९१ विरुद्ध १० मतांनी मंजूर केला. पाय म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, ३.१४ आणि पुढे न संपणारे अंक. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून मार्चची १४ तारीख ३/१४ होते. (आपल्या पद्धतीनं १४/३ लिहिलं की सगळी मजा जाते. शाळेत २२/७ घोकलेल्या आपल्या पिढीनं खरं तर २२ जुलै साजरा करायला हवा, तोही काही ठिकाणी करतातच.) त्या दहा सदस्यांना पायशी वैर असण्याचं कारण नाही. आर्थिक मंदीचं वर्ष होतं, आणि सभागृहाचा वेळ यात घालवू नये असं म्हणणारे काही जण प्रत्येक काळात असतात.

आता दुसरी तारीख घ्या, १२ फेब्रुवारी, चार्ल्स डार्विनचा जन्मदिवस. २०११मध्ये कॅलिफोर्नियाचे पीट स्टार्क यांनी ‘डार्विन दिना’चा ठराव मांडला. पुढे न्यू जर्सीचे रश होल्ट यांनी मांडला. होल्ट स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, तेव्हाच्या संसदेतल्या मोजक्या वैज्ञानिकांपैकी एक. तरी हे ठराव मतदानापर्यंत पोचलेच नाहीत. समितीकडे गेले आणि तिथंच राहिले. खर्च शून्य, बंधन शून्य, विज्ञान पक्कं, पण सही करणाऱ्याला आपल्या मतदारसंघातल्या चर्चमध्ये उत्तर द्यावं लागेल, हा हिशोब मोठा ठरला. पायला शत्रू नाहीत. उत्क्रांतीला आहेत. म्हणून मला वाटतं, अशा ठरावांची यादी बघताना मंजूर झालेल्यांपेक्षा समितीत कुजलेले ठराव अधिक बोलके असतात.

आठवडा आणि झाकण

सगळेच सप्ताह एका वर्षाचे नसतात. काही थोड्यांना कायमची जागा मिळाली आहे. त्यातला एक मला सगळ्यांत बोधप्रद वाटतो, कारण आठवड्याला काय जमतं आणि काय जमत नाही, हे त्याच्या गोष्टीत उघड दिसतं.

१९५०च्या दशकात अमेरिकेत लहान मुलं घरातली औषधं आणि सफाईची रसायनं पिऊन दगावत होती. मुलांसाठीची अॅस्पिरिन गोड चवीची, रंगीत, गोळ्या-चॉकलेटसारखी. बाटलीचं झाकण नुसतं फिरवलं की उघडणारं. मिसुरी राज्यातल्या केप जिरार्डो या गावातले औषधविक्रेते होमर जॉर्ज यांनी आधी आपल्या गावाच्या महापौरांकडून विषबाधा प्रतिबंध सप्ताह जाहीर करवून घेतला. तिथून ती कल्पना वर चढत गेली. सप्टेंबर १९६१मध्ये संसदेनं कायदा केला, राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सही केली: मार्चचा तिसरा आठवडा हा राष्ट्रीय विषबाधा प्रतिबंध सप्ताह, आणि राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी त्याचं घोषणापत्र काढावं ही विनंती. इथंही विनंतीच. पहिला सप्ताह १९६२मध्ये झाला.

या आठवड्यानं काय साधलं? औषधविक्रेते, बालरोगतज्ज्ञ, विषबाधा सल्लाकेंद्रं आणि सरकारी खाती यांना दरवर्षी एकाच टेबलाशी बसायला निमित्त मिळालं. वर्तमानपत्रांना मार्चमध्ये छापायला विषय मिळाला. औषधं उंचावर ठेवा, मुलांना ‘ही गोळी नव्हे, खाऊ आहे’ असं सांगून औषध देऊ नका, हे घराघरात गेलं.

पण मुलांची जिज्ञासा आणि आईबापांची धांदल या दोन गोष्टी पत्रकानं थांबत नाहीत. खरा फरक पडला तो दुसऱ्या कायद्यानं. ३० डिसेंबर १९७०ला विषबाधा प्रतिबंधक वेष्टन कायदा झाला. त्यातलं क्रियापद विनंतीचं नव्हतं. धोकादायक पदार्थ अशाच वेष्टनात विकायचे की जे पाच वर्षांखालच्या मुलाला उघडणं अवघड जाईल. दाबून मग फिरवायचं ते झाकण तुम्ही वापरलं असेल, आणि सांधे दुखणाऱ्या आजीनं त्याला शिव्या घातलेल्याही ऐकल्या असतील. १९७२पासून अॅस्पिरिनला ते सक्तीचं झालं. साठच्या दशकात अशा विषबाधांनी वर्षाला शेकड्यांनी मुलं जात होती. पुढच्या काही दशकांत तो आकडा काही डझनांवर आला.

मुलं झाकणानं वाचवली, हे खरंच. पण झाकणाचा कायदा होईपर्यंतची जवळजवळ दहा वर्षं हा विषय दर मार्चमध्ये पुन्हा पुन्हा लोकांसमोर येत होता. सप्ताहानं विषय ताजा ठेवला, झाकणाच्या कायद्यानं काम केलं. दोघांची कामं वेगळी होती.

तारीख कशी निवडतात

आठवडा निवडण्यातही कारागिरी असते. रसायनशास्त्राचं बघा. अमेरिकन केमिकल सोसायटीनं संसदेची वाट न बघता १९८७मध्ये एक दिवसाचा राष्ट्रीय रसायनशास्त्र दिन केला. कल्पना त्यांचे तेव्हाचे नुकतेच माजी झालेले अध्यक्ष जॉर्ज पिमेंटेल यांची. दिवसाचा आठवडा झाला १९८९मध्ये, आणि १९९३पासून तो दरवर्षी होऊ लागला. ऑक्टोबरमध्ये येतो, कारण २३ ऑक्टोबर म्हणजे महिना-तारीख पद्धतीनं १०/२३, आणि एका मोलमधल्या (मोल म्हणजे रसायनशास्त्रात कण मोजायचं माप, डझनासारखं) कणांची संख्या ६.०२ गुणिले १०चा २३वा घात. रसायनवाल्यांचा विनोद असाच असतो. संसदेचे पाठिंब्याचे ठराव मागाहून आले.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं डिसेंबर १९९९मध्ये जागतिक अंतराळ सप्ताह ठरवला तो ४ ते १० ऑक्टोबर असा. ४ ऑक्टोबर १९५७ला स्पुटनिक उडाला, आणि १० ऑक्टोबर १९६७ला बाह्य अंतराळाचा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला. एका टोकाला यंत्र, दुसऱ्या टोकाला कायदा. अवकाशावर कुणाची मालकी नाही, असं सांगणारी ही तारीख मला फार आवडते. आमसभेचा हा ठरावही सदस्य देशांना कशाचीच सक्ती करत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि आपल्याकडे?

भारतात गाडा उलट्या बाजूनं चालतो. इथं दिवस आणि सप्ताह सहसा संसद ठरवत नाही, सरकार ठरवतं. राष्ट्रीय विज्ञान दिन हेच उदाहरण. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ला प्रकाशाच्या विकिरणातल्या ‘रामन परिणामा’चा शोध लावला, १९३०मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९८६मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेनं हा दिवस विज्ञान दिन करावा असं सुचवलं, केंद्र सरकारनं मानलं, आणि १९८७पासून तो साजरा होतो. त्यासाठी कुठला कायदा झाला नाही. चंद्रयान-३ उतरलं तो २३ ऑगस्ट राष्ट्रीय अंतराळ दिन झाला तोही पंतप्रधानांच्या घोषणेनं.

संसदेचं म्हणाल तर आपल्या संसदेनं दिवसापेक्षा मोठी गोष्ट करून ठेवली आहे. १९५८मध्ये सरकारचा विज्ञान धोरणविषयक ठराव लोकसभेपुढे आला. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं मूलभूत कर्तव्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी यांचा विकास करणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं. जगात फार थोड्या राज्यघटनांत असं वाक्य सापडेल. मात्र ते पाळलं नाही म्हणून तुम्हाला थेट शिक्षा होत नाही. म्हणजे वजन घटनेचं, क्रियापद आवाहनाचं. शिक्षेचं क्रियापद हवं असेल तर महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा बघा. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतची कैद आहे. तो आपला ‘झाकणाचा’ कायदा म्हणायला हरकत नाही.

मराठी माणसाला विज्ञान दिनाची एक जादा सोय आहे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच २८ला विज्ञान दिन. आमच्या शाळेत दोन्हींसाठी एकच मंडप आणि एकच ध्वनिक्षेपक असे. आदल्या दिवशी कविता, दुसऱ्या दिवशी व्हिनेगर आणि खायच्या सोड्याचा ज्वालामुखी. तो लाव्हा फेसाळतो कशामुळे, हे मला कळलं ते बऱ्याच वर्षांनी, पण फेस आठवतो.

एवढं करून हवं असेल तर

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. संसदेपर्यंत जाण्याची मुळीच गरज नाही. राज्याच्या गव्हर्नरकडून किंवा शहराच्या महापौराकडून सप्ताहाचं घोषणापत्र मिळवणं बरंच सोपं असतं. बहुतेक कार्यालयांचा त्यासाठी साधा अर्ज असतो, काही आठवडे आधी द्यावा लागतो, आणि मजकुराचा मसुदा अर्जदारानंच लिहून द्यायचा असतो. सगळे ‘ज्याअर्थी’ तुमचेच. कार्यालय त्यावरून हात फिरवतं, सही होते, मोहोर उमटते. तुमच्या मुलाच्या शाळेतला विज्ञान मंडळाचा गटसुद्धा हे करू शकतो.

फक्त तारीख पुढची टाका, आणि सही आठवडा सुरू व्हायच्या आधी होईल एवढं बघा.